लव्हेंडरचं तेल, सूनबाईंची मान आणि काकूंचा राग

काकू नमस्कार. तुमची कमेंट वाचली, अगदी शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत वाचली. झोपेसाठी लव्हेंडरच्या तेलाचा वास घ्यावा या माझ्या लेखाला एवढं मनापासून झाडणारं दुसरं कोणी भेटलं नाही, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा इथं नीटच लिहिते. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काकू म्हणतात हे सगळं वासाचं मार्केटिंग आहे, झोप लागते ती मनाच्या समजुतीनं. त्यांच्या सूनबाईंनी ऐन मे महिन्यात मानेवर हे तेल लावलं, बिनमिसळता, आणि बाटली मागच्या उन्हाळ्यापासून खिडकीतल्या ड्रेसिंग टेबलवर पडलेली, तर मान लाल होऊन रात्रभर खाजली. मुलांच्या हार्मोन्सवर परिणाम होतो असंही त्यांनी वाचलंय. आणि आपला मोगरा अन् वाळा असताना नागपूरच्या माणसानं फ्रान्सच्या फुलाच्या नादी काहून लागावं? शेवटी एक टोमणा, "कंपनी किती देते तुला?"

टोमण्याचं आधी निपटवते. काहीच नाही देत. लेखात एकाही ब्रँडचं नाव नाही, लिंक नाही, पुन्हा पाहून घ्या.

आता समजुतीचं. तुमचा मुद्दा फालतू नाही काकू, उलट या विषयातली खरी अडचण तीच आहे. गोळीचं कसं, खरी कोणती अन् खोटी कोणती हे पेशंटला कळत नाही, पण लव्हेंडरचा वास तर नाकाला लगेच कळतो, मग त्याला अंधारात ठेवून तपासायचं कसं? म्हणून माणसांवरचे वासाचे प्रयोग बहुतेक छोटे अन् कच्चे आहेत, हे मला मान्यच आहे. पण उंदराला तर कोणी सांगितलेलं नसतं ना की लव्हेंडरनं शांत वाटतं! जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये उंदरांना लिनालूलचा वास दिला (लव्हेंडरच्या तेलातले दोन मुख्य घटक म्हणजे लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट), तर उंदीर कमी घाबरायला लागले, आणि चालण्याफिरण्यात सुस्ती आली नाही. मग ज्या उंदरांची वास घेण्याची शक्तीच घालवलेली होती त्यांच्यावर तेच केलं तर काही फरक नाही. म्हणजे काम नाकावाटेच होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, बरोबर, पण "सगळंच मनाचे खेळ" म्हणून हात झटकता येत नाहीत एवढं तरी यातून निघतं.

दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र अर्धवट कळली तर धोक्याची. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल औषध म्हणून मिळते, तिच्या चाचण्या चिंतेच्या आजारावर झाल्यात, अगदी लोराझेपाम या चिंतेवरच्या नेहमीच्या गोळीच्या बारीक डोससमोर ठेवूनसुद्धा, आणि निकाल चांगले आहेत. हे ऐकून लोक बाजारातल्या बाटलीतलं तेल गरम पाण्यात थेंब टाकून पिऊन राहिलेत. नका ना करू बाप्पा असं! त्या कॅप्सूलमधलं तेल ठराविक प्रतीचं, ठराविक मापाचं असतं, आणि तुमच्याकडची बाटली डिफ्यूझरसाठी, म्हणजे खोलीत वास पसरवायच्या यंत्रासाठी, भरलेली असते. माझा सगळा लेख वासापुरता होता, पोटात घ्या असं त्यात कुठंच नाही, आणि उघड्या मानेवर सरळ ओता असं तर नाहीच नाही.

आता सूनबाईंची मान. यात मला जास्त बोलायचंय, कारण हे आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचं प्रकरण आहे. ताजं लिनालूल कातडीला फारसं त्रास देत नाही, पण झाकण उघडलं, हवा लागली की ते हळूहळू ऑक्सिजनशी मिळून हायड्रोपेरॉक्साइड बनवतं, आणि ते मात्र ॲलर्जीच्या बाबतीत चांगलंच दांडगं. आधी असं समजत होते की तेलातले बाकीचे घटक त्याला सांभाळून घेतात, पण स्वीडनमधल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा तसं काही दिसलं नाही, लव्हेंडरचं तेलही उघड्यावर तसंच बिघडतं. उष्णतेनं हे काम वेगानं होतं. आता तुम्हीच बघा, नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, खिडकीतलं ऊन सरळ बाटलीवर, बाटली अर्धी रिकामी म्हणजे आत हवा भरपूर. वास थोडासा उग्र, टर्पेंटाइनसारखा यायला लागला की समजायचं ती बाटली गेली. आणि ते तसलं तेल काही न मिसळता, घामानं ओल्या झालेल्या मानेवर! यात लव्हेंडरची बाजू मी घेत नाही, पण ही तऱ्हा कोणत्याही इसेन्शियल ऑइलसोबत केली तरी कातडी बोंबलणारच.

लावायचंच असेल तर हिशोब सोपा आहे. १ मिलीत साधारण २० थेंब, म्हणजे ३० मिली तिळाच्या तेलात १२ थेंब टाकले की २ टक्के झालं, मोठ्या माणसाला याच्या वर जायची गरज नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. बाटली गडद काचेची, घट्ट बूच, एप्रिल ते जून फ्रिजच्या दारात, आणि उघडल्याची तारीख पेनानं बाटलीवर टाकून वर्षभरात संपवायची. नाही संपली तर फेकायची, ते पैसे गेले समजा.

आणि कूलरच्या टाकीत थेंब टाकायचं ते खूळ, ते मी लिहिलेलं नाही, खालच्या कमेंटमध्ये कोणीतरी सुचवलंय. त्यात काही अर्थ नाही. तेल पाण्यावर तरंगतं, पंप पाणी खालून ओढतो, टाकी खाली होईस्तोवर वास वरच्यावर राहतो आणि मग तो तवंग पंपात आणि जाळीत जाऊन बसतो. कूलरला वाळाच बरा, इथं मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं. लव्हेंडरचे एक-दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर, बोळा उशीपासून हातभर लांब, बस. घरात मांजर असेल तर तेही नको, मांजरांना ही तेलं पचत नाहीत.

हार्मोन्सचं. तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक २००७ मधल्या एका शोधनिबंधाची असावी, अमेरिकेतल्या तीन मुलग्यांच्या छातीवर मुलींसारखी सूज आली होती, तिघंही लव्हेंडर किंवा टी ट्री तेल असलेले साबण-लोशन वापरत होते आणि ते बंद केल्यावर सूज उतरली. तीन मुलांवरून कारण सिद्ध होत नाही, नंतर यावर बराच वादही झाला. तरी माझं मत विचाराल तर लहान पोरांना रोज अंगभर सुगंधी तेल चोपडायची गरजच काय आहे? साधं खोबरेल आहे ना घरात.

राहिलं फ्रान्सचं फूल. काकू, लव्हेंडर आता जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला पिकतं. २०१६ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचं अरोमा मिशन, म्हणजे सुगंधी पिकांची योजना, सुरू झालं, तिच्या जम्मूच्या संस्थेनं रोपं दिली, आणि मक्याच्या शेतात लव्हेंडर उभं राहिलं, त्यालाच जांभळी क्रांती म्हणतात. आपल्या गरमीत ते होणार नाही, त्याला थंड डोंगर लागतो, पण परदेशी म्हणून नाक मुरडण्यात आता दम नाही. मोगऱ्याचं विचाराल तर जीव माझाही त्याच्यातच अडकलाय, पण मोगरा नाजूक, लव्हेंडरसारखा सरळ वाफेवर उकळून तेल देत नाही, एक तर सॉल्व्हंटनं काढावं लागतं नाहीतर उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या कनौजसारखं चंदनाच्या तेलात अत्तर ओढावं लागतं, आणि दोन्ही महाग. शंभर-दीडशे रुपयात "शुद्ध मोगरा ऑइल" मिळालं तर तो वास कारखान्यातला समजा. लव्हेंडरमध्येही चलाखी चालतेच, लव्हँडिन नावाचं संकरित झाड आहे, तेल जास्त देतं, स्वस्त, पण त्यात कापूर जास्त, झोपेसाठी मी घेणार नाही. लेबलवर लव्हॅंड्युला अँगस्टिफोलिया लिहिलंय का एवढं बघायचं.

सूनबाईंना आता एकच सांगा, मान बरी झाली तरी पुन्हा लावून बघू नका. एकदा शरीरानं ही ॲलर्जी धरली की ती सहसा जात नाही, आणि लिनालूल कितीतरी साबण, शाम्पू, परफ्यूममध्ये असतं, तेव्हा मागची यादी वाचून घ्यायची सवय लावा. चट्टे परत आले तर कातडीच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट (कातडीवर पट्ट्या लावून ॲलर्जी तपासतात ती) होते, आणि जाताना ती बाटली सोबत घेऊन जायला सांगा, अजून फेकली नसेल तर.