क्योटोच्या सहलीवरच्या तुमच्या अभिप्रायाला माझं उत्तर

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरमधल्या क्योटो सहलीला दोन तारे देऊन तुम्ही जे सविस्तर लिहिलंत, ते मी चार-पाच वेळा वाचलं. एरवी अशा अभिप्रायांना आमच्या ऑफिसातून उत्तर जातं. हे मी स्वतः लिहितेय, कारण तुमची पहिली तक्रार खरी आहे आणि ती मला फार लागली आहे. इथेच उघडपणे लिहितेय, कारण हे वाचून आपल्या आईवडिलांना आमच्याबरोबर पाठवायचं की नाही, हे ठरवणारी माणसं आहेत. त्यांनाही सगळं कळायला हवं.

तुम्ही म्हणता, ‘आई जन्मात मासा न खाल्लेली. शुद्ध शाकाहारी जेवणाचं कबूल केलं आणि पहिल्याच रात्री तिला माशाचं पाणी पाजलं.’ हे असंच घडलं. त्यातला एकही शब्द मला खोडता येणार नाही.

त्या रात्री रियोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पाहुणघरात, ताटात तोफू होता, तळलेल्या भाज्या होत्या, भात, लोणचं आणि मिसोचं सूप होतं. मासा कुठे दिसत नव्हता. पण सूप दाशीवर केलेलं होतं. दाशी हा जपानी स्वयंपाकाचा पाया. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ पाण्यात मुरवतात, मग त्यात कात्सुओबुशी घालतात. बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवायचा आणि त्याच्या कागदासारख्या पातळ कपच्या काढायच्या, ती ही कात्सुओबुशी. गाळून घेतलं की उरतं ते स्वच्छ, सोनेरी पाणी. आपण फोडणीतलं हिंग वेगळा पदार्थ म्हणून मोजत नाही, तशीच तिथल्या बहुतेक स्वयंपाकघरांत दाशी मासा म्हणून मोजली जात नाही. ‘मांस-मासे नकोत’ असं सांगितलं की ताटातले तुकडे जातात, पाणी तेच राहतं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बारा वर्षं मी क्योटोला माणसं नेतेय, हे ठाऊक असणं हेच माझं काम आहे. आम्ही पाहुणघराला इंग्रजीतून ‘व्हेजिटेरियन’ एवढंच कळवलं, त्यांचा होकार आला आणि आम्ही निश्चिंत झालो. ‘दाशीसुद्धा फक्त कोंबूची किंवा शिताके अळंबीची हवी’ हे जपानीतून लिहून घ्यायचं आमच्याकडून राहिलं. पाहुणघराच्या मालकीणबाईंकडे बोट दाखवायची माझी तयारी नाही. आमच्या सहलप्रमुखाने विचारल्यावर त्यांनी लगेच खरं ते सांगितलं आणि आजींसमोर, म्हणजे तुमच्या आईंसमोर, गुडघे टेकून माफी मागितली. खरं तर ती माफी आम्ही मागायची होती. आजींनी वाटी बाजूला ठेवली, कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत आणि रात्री फक्त केळं आणि दूध घेतलं, हे मला सहलप्रमुखाने सांगितलं तेव्हा मला झोप लागली नाही.

याचं जास्त वाईट वाटण्याचं कारण म्हणजे अख्ख्या जपानात शाकाहारी माणसाला मानाने जेवू घालणारं एखादं शहर असेल तर ते क्योटोच. तिथल्या झेन मठांतलं शोजिन जेवण मांस-मासे नसलेलं आणि कांदा-लसूणही नसलेलं, आपल्या चातुर्मासासारखंच. (कंदमुळं मात्र त्यात असतात. जैन मंडळींनी हे आम्हाला आधी जरूर सांगावं.) तिसऱ्या दिवशी तेन्र्यूजी मठाच्या आवारात आजी पोटभर जेवल्या, हे तुम्हीही लिहिलंय. सोयाच्या दुधावरची साय काढून केलेली युबा त्यांना आवडली. एबी-इमो आवडला, जो आपल्या अळकुडीचाच भाऊबंद. कोळंबीसारखा वाकडा आणि पट्टे असलेला, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. असं जेवण पहिल्या रात्रीपासून मिळायला हवं होतं.

त्या रात्रीच्या जेवणाचे तुम्हा तिघांचे पैसे आणि आजींच्या पहिल्या दोन दिवसांच्या खाण्यापिण्याचे सगळे पैसे तुमच्या खात्यात परत केले आहेत. आता प्रत्येक स्वयंपाकघराशी आमच्याकडची जपानी बोलणारी मुलगी फोनवर बोलते. दाशी, तेंपुराबरोबरचं, म्हणजे तळलेल्या भाज्यांबरोबरचं, बुडवून खायचं पाणी आणि तोफूवरचा रस, या तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारते आणि उत्तर लेखी घेते. शाकाहारी पाहुण्यांच्या हातात तोच मजकूर छापलेलं जपानी कार्डही देतो. हे आजींच्या आधी व्हायला हवं होतं.

आता झोपण्याबद्दल. ‘एवढे पैसे घेऊन जमिनीवर झोपवलं’, असं तुम्ही लिहिलंत. चारपैकी दोन रात्री ततामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत असतील, हे कार्यक्रमपत्रिकेत होतं. तरीही अर्धा दोष माझा. आमच्या फॉर्ममध्ये साखर, रक्तदाब, औषधं सगळं विचारलेलं असतं; गुडघ्यांचं नव्हतं. आजींचं दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आम्हाला माहीत असतं, तर त्यांच्यासाठी त्याच गल्लीतल्या हॉटेलात पलंगाची खोली घेतली असती. दुसऱ्या रात्री घेतली तशी. आता फॉर्ममध्ये तो प्रश्न सगळ्यात वर आहे : जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येतं का?

उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र मी पाहुणघराच्या बाजूने बोलणार. जमिनीवरची गादी ही तिथे काटकसर नसते. दिवसा बैठकीची, संध्याकाळी जेवणाची आणि रात्री झोपायची अशी एकच खोली. तुम्ही न्हाऊन येईपर्यंत गाद्या अंथरलेल्या असतात, सकाळी कपाटात जातात. माझ्या आजोळी वाड्यात माजघराचं असंच होतं. रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब गेलेल्या असल्या घराला क्योटोकर ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. मध्ये एवढासा चौक, त्यात एक दगडी दिवा, थोडं शेवाळ. अशी घरं तिथे दरवर्षी पाडली जाताहेत. जी उभी आहेत त्यांत माणसं राहायला जातात म्हणून उभी आहेत. त्यामुळे त्या दोन रात्री मी सहलीतून काढणार नाही. ज्यांना झेपत नाही त्यांना जवळच पलंग देईन. तिथे वेगळा द्यावा लागलेला मुक्काम कर महापालिकेचा आहे, ऑक्टोबर 2018 पासून दर माणशी दर रात्री घेतला जातो. तो आमच्या पत्रकात ‘समाविष्ट नाही’ या यादीत आहे. यापुढे निघण्याआधी तोंडीही सांगू.

तुमच्या अभिप्रायात सगळ्यात जास्त ओळी ठिकाणांवर आहेत. ‘चार दिवसांत फक्त नऊ ठिकाणं. शेजाऱ्यांनी दुसऱ्या कंपनीबरोबर दोन दिवसांत चौदा पाहिली.’ इथे मी माफी मागणार नाही, आणि का ते मनापासून सांगते.

क्योटो 794 पासून 1868 पर्यंत जपानची राजधानी होती. युनेस्कोने 1994 मध्ये जागतिक वारसा म्हणून जी 17 ठिकाणं एकत्र नोंदवली, ती क्योटो आणि शेजारच्या उजी व ओत्सु या शहरांत मिळून आहेत. देवळं तर शेकड्यांनी. म्हणजे चौदा पाहिली तरी राहतातच, आणि चौदा पाहणाऱ्याचा दिवस बसमध्ये जातो. बहुतेक देवळं चार-पाच वाजता बंद होतात. त्यातून धावपळ आणखी वाढते.

‘उजाडायच्या आत उठवलं’ हीही तक्रार आहे. कियोमिझुदेरा हे देऊळ सकाळी सहाला उघडतं म्हणून उठवलं. 1633 साली बांधलेला तो लाकडी सज्जा उतारावर 13 मीटर उंच उभा आहे, खिळ्यांशिवाय, लाकडात लाकूड अडकवून. त्या वेळी तिथे तुमच्या तुकडीतली चौदा माणसं आणि मोजकेच इतर लोक होते. अकरा वाजता त्याच सज्जावर कठड्यापर्यंत पोचायला थांबावं लागतं आणि खालच्या चढाच्या गल्लीत आजींना धक्के बसले असते.

र्योआनजी मठाबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘वाळूत ठेवलेले दगड बघायला पाऊण तास’. तुमचा राग मला समजतो. पांढऱ्या खडीच्या त्या अंगणात 15 दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड जातो. पहिली दहा मिनिटं माणूस मोजत असतो. मोजणं थांबलं की मग खडीवरच्या ओळी, शेवाळाचा काठ, मागची तेलकट डाग पडलेली मातीची भिंत दिसायला लागते. त्यासाठीच सहलीआधीची आपली भेट मी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात ठेवते. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे आणि सावकाश चालायची सवय तिथे लागते. तुम्हाला त्या दिवशी यायला जमलं नव्हतं. आम्ही नंतर फोनवर तरी बोलायला हवं होतं.

आणि सांजूसांगेनदो हे देऊळ. ‘दोन तास, आणि फोटोही काढू देत नाहीत.’ सुमारे 120 मीटर लांब लाकडी दालन, 1266 चं. आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्याकडून गेलेल्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या, 1001 मूर्ती. मधली मोठी मूर्ती तांकेई या शिल्पकाराने वयाची ऐंशी ओलांडल्यावर घडवलेली. पण मी माणसांना तिथे थांबवते ते पुढच्या रांगेतल्या 28 रक्षक देवतांसाठी. त्यांत ताइशाकुतेन आहे, तो इंद्र. दाइबोनतेन आहे, तो ब्रह्मा. आणि करुरा आहे, तो गरुड : चोचीचं तोंड, पाठीला पंख आणि ओठाशी बासरी. आपल्याकडून निघालेले देव चीनमार्गे इतक्या दूर पोचले, भाषा बदलली, चेहरे बदलले आणि साडेसातशे वर्षं त्या अंधाऱ्या दालनात उभे आहेत. सहलप्रमुखाने मला सांगितलं की आजी त्या गरुडासमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या आणि ‘याच्या हातात बासरी कशी आली गं?’ असं सुनेला दोनदा विचारत होत्या. दोन दिवसांत चौदा ठिकाणांच्या सहलीत या प्रश्नाला जागा राहत नाही. मी ही नऊची नऊच ठेवणार आहे.

गिओन या गेइशांच्या वस्तीत त्यांचे फोटो मिळाले नाहीत, हे आमच्यामुळेच. तिथल्या काही खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना बंदी आहे, मोडली तर 10,000 येन दंडाची पाटीही आहे. पण दंड नसता तरी मी जाऊ दिलं नसतं. गेइको आणि माइको (क्योटोत गेइशांना आणि शिकाऊ गेइशांना हेच शब्द वापरतात) त्या वेळी कामाला निघालेल्या असतात आणि लोक त्यांचे किमोनो ओढतात, वाट अडवतात.

ऑफिसच्या फोनला तीन दिवस उत्तर मिळालं नाही, ही तक्रारही बरोबर आहे. त्याबद्दल दिलगीर आहे. माझा स्वतःचा नंबर तुम्हाला निरोपातून पाठवला आहे.

तारे बदला असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीचं तुम्ही लिहिलेलं तसंच राहू द्या. एकच विनंती आहे. निघायच्या घाईत आजींना सांजूसांगेनदोच्या दुकानातून बासरीवाल्या गरुडाचं चित्रकार्ड घेता आलं नव्हतं. मार्चच्या तुकडीबरोबर मी ते आणवून घेतलंय. या शनिवारी सकाळी आजी घरी असतील तर मी स्वतः घेऊन येते, आणि माफीही त्यांच्यासमोर बसूनच मागते. कळवाल का?