फोर्ज्ड पिस्टन बसवले म्हणून ऑइल जेट काढायचे नसतात

इंजिनाची ताकद वाढवू पाहणाऱ्या तरुणांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक चित्रफीत फिरते आहे. पिस्टनच्या खाली बसवलेले, त्याच्या पोटावर तेलाची धार मारून त्याला थंड ठेवणारे ऑइल जेट काढून टाकावेत आणि त्यांची छिद्रे डमी बोल्टने बंद करावीत, असा तिचा सल्ला आहे. त्यासाठी पाच कारणे दिली आहेत: फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनला जेटची गरज नसते, जेट तेलाचा दाब खातात, शर्यतीच्या इंजिनांत जेट नसतात, क्रँकवर (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावर) तेल पडून ताकद वाया जाते आणि जेटमुळे इंजिन तेल पिऊ लागते. एरवी मी असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष केले असते. पण माझ्या भाच्याच्या स्कोडा ऑक्टाव्हियाचा इंजिन-ब्लॉक सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये उघडा पडला आहे, आणि परवा त्याने मला फोन करून विचारले, "मामा, फोर्ज्ड पिस्टन आणलेत, मग आता जेटचं काय काम?" डमी बोल्ट लेथवर करून घेण्याचेही त्याने ठरवून टाकले होते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले कारण सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला सर्वांत पटण्यासारखे आहे. फोर्ज्ड पिस्टन कास्ट (साच्यात ओतलेल्या) पिस्टनपेक्षा मजबूत असतो, हे खरे. परंतु मजबूत असणे आणि थंड राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोर्जिंगमुळे धातूचे कण दाबले जाऊन आघात सोसण्याची क्षमता वाढते. पिस्टनच्या डोक्यावर पडणारी उष्णता त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. ती उष्णता बाहेर पडायला दोनच मोठे मार्ग आहेत: रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे आणि तिथून पाण्याकडे, किंवा पिस्टनच्या पोटावर आदळणाऱ्या तेलाकडे. जेट काढला की दुसरा मार्ग जवळजवळ बंद होतो आणि सगळा भार रिंगांवर येतो.

टर्बो इंजिनांसाठीचे बरेचसे फोर्ज्ड पिस्टन 2618 या मिश्रधातूचे असतात. त्यात सिलिकॉन नावापुरतेच असते, त्यामुळे तो चिवट असतो, पण तापला की कास्ट पिस्टनच्या धातूपेक्षा जास्त फुगतो. ऑक्टाव्हियाच्या 1.8 टीएसआय इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 82.5 मिलिमीटर आहे. पिस्टनच्या डोक्याचे तापमान 40 अंशांनी वाढले, तर त्या व्यासात सुमारे 0.07 मिलिमीटरची भर पडते. डोके आणि सिलिंडरची भिंत यांच्यात मुळात जादा फट ठेवलेली असते, म्हणून पिस्टन लगेच अडकत नाही, हे मान्य आहे. पण वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर लावून शतांश मिलिमीटरची फट जपायची आणि दुसरीकडे तिला गिळणारी उष्णता स्वतःच आत कोंडायची, याला इंजिन बांधणे म्हणता येणार नाही. शिवाय हाच धातू 300 अंशांच्या आसपास गेला की त्याची ताकद खोलीच्या तापमानाला असते त्याच्या निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे ज्या मजबुतीसाठी पैसे मोजून फोर्ज्ड पिस्टन आणला, तीच मजबुती जेट काढून आपण परत करतो. वरच्या रिंगेच्या खाचेत तेल जळून त्याचा कोळसा होतो, रिंग चिकटते आणि कॉम्प्रेशन जाते, हे त्यापुढचे नुकसान.

पेट्रोल टर्बोमध्ये याहून आधी जाणवणारा तोटा वेगळाच आहे. पिस्टनचे डोके तापले की त्यावर कोंडलेले मिश्रणही तापते आणि ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप पेटू लागते, म्हणजे नॉकिंग होते. आजच्या इंजिनात नॉक सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. टायमिंग मागे गेले की ताकद कमी होते. ताकद वाढवण्यासाठी जेट काढा, असे सांगणाऱ्या माणसाने ही साखळी एकदा तरी तपासायला हवी होती. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो; अशा दुपारी तुळजापूरच्या घाटात वाढवलेल्या बूस्टवर (टर्बोने हवा कोंबण्याच्या दाबावर) गाडी चढवताना, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून येणारी हवा आधीच गरम असते, आणि त्यात पिस्टनही गरम ठेवला तर ईसीयूच्या ट्यूनिंगमध्ये लिहिलेली ताकद चाकांपर्यंत पोहोचणारच नाही.

दुसरे कारण तेलाच्या दाबाचे. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते नीट मोजूनच पाहू. दीड मिलिमीटर छिद्राच्या जेटमधून 4 बार दाबाला मिनिटाला साधारण दोन ते अडीच लिटर तेल जाते. चार जेटचे मिळून नऊ-दहा लिटर होते. हा आकडा किरकोळ नाही, हे मला मान्य करावे लागते. पण कंपनीने पंपाची क्षमता ठरवताना हे तेल हिशेबात धरलेले असते, आणि अनेक इंजिनांच्या जेटमध्ये स्प्रिंगवर बसलेली गोळी असते, जी दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेल्याशिवाय उघडत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा, दाब कमी दिसतो आणि दोष जेटला दिला जातो, तेव्हा बहुतेक वेळा खरा दोष बेअरिंगच्या फटीत असतो. बेअरिंगमधून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. ज्याने मेन बेअरिंग सैल बसवली, त्याने दाबाचा दोष जेटवर ढकलू नये.

ऑक्टाव्हियाच्या बाबतीत तर फोक्सवॅगन समूहाने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला आहे, आणि माझा सगळ्यात भक्कम आधार तोच आहे. 2013 साली भारतात आलेल्या ऑक्टाव्हियाचे इंजिन ईए888 मालिकेच्या तिसऱ्या पिढीचे आहे, आणि या पिढीच्या प्रशिक्षण-पुस्तिकेत पिस्टन कूलिंग जेटचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे जेटना एक वेगळी तेलवाहिनी दिली असून ती एका विद्युत झडपेने नियंत्रित होते. इंजिन थंड असताना किंवा भार कमी असताना ईसीयू जेट बंद ठेवतो, म्हणजे तेल लवकर तापते आणि पंपाचा भार वाचतो. भार, आरपीएम आणि तापमान वाढले की जेट सुरू करतो. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की झडपेला वीज दिली तर जेट बंद होतात, आणि वीज गेली, वायर तुटली किंवा झडप निकामी झाली तर जेट चालू राहतात. बिघाड झालाच तर पिस्टनला तेल मिळत राहिले पाहिजे, असे ज्यांनी हे इंजिन रचले त्यांनी ठरवले. त्या वाहिनीवर दाब पाहणारा स्विचही आहे. कंपनीने इंधन वाचवण्यासाठी जेट बंद करण्याची सोय करतानासुद्धा इतकी काळजी घेतली आहे. आणि आपण कंपनीपेक्षा जास्त बूस्ट देऊन ते कायमचे बंद करणार, हा कुठला विचार आहे?

शर्यतीच्या इंजिनांत जेट नसतात, हे विधान साफ खोटे आहे. फॉर्म्युला वनच्या इंजिनांत पिस्टनखाली तेलाचे जेट असतात, अमेरिकेतल्या नॅस्कारच्या इंजिनांतही असतात. टोयोटाचे 2जेझेड-जीटीई, निसानचे आरबी26डीईटीटी, मित्सुबिशीचे 4जी63 टर्बो, म्हणजे ज्यांची नावे हीच मंडळी आदराने घेतात त्या इंजिनांत कारखान्यातूनच जेट येतात. स्ट्रोक वाढवलेला क्रँक बसवल्यावर त्याचे वजनदार भाग किंवा नवे रॉड जेटला लागतात म्हणून काही जण जेट काढतात, हे खरे आहे. ती जागेची मजबुरी असते, फायदा नव्हे. टर्बो नसलेले आणि काही सेकंदच पळणारे ड्रॅग शर्यतीचे इंजिन जेटशिवाय तग धरू शकते, हेही मी मान्य करतो. भाच्याची गाडी मात्र सोलापूरहून पुण्याला जाणारी आहे. तिला तासन्‌तास चालायचे आहे.

क्रँकवर तेल पडून ताकद वाया जाते, याला उत्तर थोडक्यात देतो. पिस्टनवर आपटलेले तेल खाली पडते आणि फिरत्या क्रँकला थोडा अडथळा करते, हे खरे. पण बेअरिंगमधून उडणारे तेल तिथे आधीच असते, आणि जेटच्या तेलाने पिस्टन-पिनचेही वंगण होते. तेल पिण्याचा आरोप तर उलटा आहे. रिंग चिकटल्या किंवा बोअरला होनिंग (आतल्या भिंतीची बारीक घासाई) नीट झाले नाही की इंजिन तेल पिते, आणि पिस्टन गरम ठेवल्याने रिंग चिकटण्याची शक्यताच वाढते. पिस्टन बनवणारी जर्मन कंपनी कोल्बेनश्मिटसुद्धा पिस्टन जळण्या-अडकण्याच्या कारणांत वाकलेले, तुटलेले किंवा न बसवलेले जेट धरते.

ज्या शहरात देशी-परदेशी मोटार कंपन्यांचे कॅमशाफ्ट ओतले आणि घासले जातात, त्या सोलापुरात हे काम नीट करून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून जेट ठेवूनच काय करून घ्यायचे, ते सांगतो. नवा पिस्टन खालच्या टोकाला आला की त्याचा स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) किंवा रॉड जेटच्या नळीला लागत नाही ना, हे क्रँक हाताने पूर्ण फिरवून चारही सिलिंडरांत पाहावे. लागत असेल तर पिस्टनच्या स्कर्टला खाच पाडावी, नळी वाकवू नये, कारण ती किंचित वाकली तरी तेलाची धार भलतीकडे जाते. ब्लॉक धुताना जेट सोडवून स्वतंत्र साफ करावेत, कारण बोअरिंग-होनिंगचा बारीक चुरा दीड मिलिमीटरच्या छिद्रात सहज अडकतो. बूस्ट वाढवणार असाल तर ऑइल कूलर मोठा घ्यावा, कारण पिस्टनची उष्णता आता तेलात येणार आहे. आणि चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) लावण्याआधी, शक्य असेल तिथे, तेलवाहिनीला बाहेरून दाब देऊन चारही धारा पिस्टनच्या पोटावर पडतात का, हे टॉर्च घेऊन डोळ्यांनी पाहावे. एखादी धार बोअरच्या भिंतीवर जात असेल, तर तो जेट बदलल्याशिवाय चेंबरचे बोल्ट आवळू नयेत.