गरिबी विकतात म्हणे!

आमच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तेच. कोणीतरी त्र्यंबकच्या एका पाड्यावर विहिरीत उतरलेल्या बाईचा फोटो टाकला आणि गंगापूर रोडवरचा आमचा मावसभाऊ सुरू, "हे फोटोवाले गरिबी विकतात, देशाची बदनामी करतात." अरे, गंगापूर धरणाचं पाणी तुझ्या नळाला येतं म्हणून तुला त्यात बदनामी दिसते!

मी कॅलिफोर्नियात राहतो म्हणून शहाणपणा करतोय असं नाही (थोडं आहेच), पण इथे १९३६ मध्ये डोरोथिया लँग या बाईने निपोमोला वाटाण्याच्या मळ्याजवळ उपाशी मजुरांचे फोटो काढले, ते पेपरात आले आणि सरकारने त्या कॅम्पवर २० हजार पौंड अन्न पाठवलं, आणि तिला पगारही सरकारच देत होतं. बुडाली का अमेरिका? आपल्याकडेही त्र्यंबक तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया लाकडाच्या ओंडक्यावरून हंडे घेऊन तास नदी ओलांडायच्या, फोटो सगळीकडे फिरले तेव्हा कुठे २०२२ च्या जानेवारीत लोखंडी पूल आला. हे सगळं मी टाइप करून टाकलं. त्याचं उत्तर एका ओळीत, "त्याच पावसाळ्यात वाहून गेला तो पूल." गेला, खरंय. पण तो काय फोटोने वाहून नेला?

एक गोष्ट मात्र मी मुद्दामच लिहिली नाही. अन्न पोचलं तोवर लँगच्या त्या फोटोंपैकी सगळ्यात गाजलेल्या फोटोतली आई पोरांना घेऊन पुढे निघून गेली होती. तिचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये, आणि तेव्हा ती म्हणाली की हा फोटो काढलाच नसता तर बरं, मला यातून एक पैसा मिळाला नाही. हे टाकलं असतं तर मावसभाऊ जिंकला असता ना!

मग तो म्हणाला, तुमच्याकडचे बेघरांचे तंबू दाखव की. ८८० हायवेच्या एक्झिटला आहेत, रोज दिसतात. फोनची गॅलरी उघडली तर लेक टाहोची ट्रिप, डेकवरचं बार्बेक्यू, पोरीचं सॉकर. एकदा सिग्नलला फोन वर केला होता, तर तंबूतला माणूस माझ्याकडेच बघत होता, मी काच वर केली. लहानपणी सिडकोत आमच्या टँकरच्या रांगेत एक फोटोग्राफर आला होता, आईने पदर तोंडावर ओढला आणि मी त्याच्याकडे अगदी तसाच बघत उभा होतो, हे तेव्हा आठवलं.

ग्रुपवर लिहिलं, इथे प्रायव्हसी असते. त्याने हसण्याच्या तीन इमोजी टाकल्या.