टिचकी मारून 'सब गेलाय' म्हणणाऱ्या कार डेकोरवाल्यांनो

तुमच्या दुकानात मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर, आहे का नाही? आणि असेल तर तो ड्रॉवरमधनं बाहेर कधी निघतो? डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितोय.

निपाणीहून येताना कागलच्या पुढं माझ्या गाडीतल्या सबवूफरचा, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरचा, आवाज फाटायला लागला आणि शिरोलीच्या आत येईपर्यंत बेस गेलाच. डिकी उघडली तर जळक्या वार्निशचा भपकारा. दुसऱ्या दिवशी गाडी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात नेली. ज्यांनी सिस्टीम बसवली होती तेच दुकान. त्या माणसानं सबच्या मधल्या टोपीवर बोटानं टिचकी मारली, म्हणाला, "गेलाय दादा हा, नवीन टाकूया," आणि पोराला वरचा खोका काढायला सांगितला. झालं निदान! का गेला, ॲम्प्लिफायर धड आहे का, वायरी कशा आहेत, एक प्रश्न नाही. ज्या गावात उद्यमनगरात मायक्रोमीटर लावल्याशिवाय शाफ्ट पुढं सरकत नाही, त्या गावात हजारो रुपयांच्या वस्तूचा निकाल टिचकीवर लावता?

गाडी तशीच घरी आणली. दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटर बास होतो याला. सबच्या वायरी सोडवल्या, मीटर २०० ओहमवर लावला. सबच्या आत तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल; ४ ओहमच्या कॉइलला मीटर साधारण साडेतीन दाखवतो, २ ओहमच्या कॉइलला दोनाच्या जरा आत. माझ्या सबला २-२ ओहमच्या दोन कॉइल, सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागं एक, जोडून ४ केलेल्या. एकीवर १.९ आलं. दुसरीवर डाव्या कोपऱ्यात नुसता १, आकडा हलेना. म्हणजे तार तुटली, आणि सिरीजमध्ये एक तुटली की सगळाच मुका. मग कोनवर, म्हणजे सबच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, दोन्ही बाजूंनी सारखे हात ठेवून हळूच आत दाबला, तर वाळू अडकल्यासारखी खरखर. कॉइल भाजून वाकडी झालेली, घासत होती. म्हणजे सब खरंच जळलेला. पण हे कळायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं द्यायला पाहिजेत ना! कारण कधी कधी टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली मऊ वायर तेवढी तुटलेली असते, चांगल्या हातानं डाग दिला की सब परत वाजतो. त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यातही तुम्ही नवीनच मारणार. डॉल्बीचे स्पीकर कोन-कॉइल बदलून परत उभे करणारे कारागीर याच गावात आहेत. त्यांचं नावही यांच्या तोंडातनं निघत नाही.

आणि जाळला कुणी? ॲम्प्लिफायर बघितला तर गेनचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला, वर बेस बूस्टही फुल. बसवताना छाती पुढं काढून सांगितलं होतं, "दणका बघा दादा." अरे, गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे! हेड युनिटमधनं, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्टिरिओमधनं, येणाऱ्या व्होल्टेजशी ॲम्प्लिफायर जुळवायचा स्क्रू आहे तो. शेवटपर्यंत पिळला की ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर जातो, लहरीची टोकं सपाट कापली जातात, आणि कॉइलमध्ये झेपणार नाही एवढी उष्णता साठत जाते. सब ३०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सतत झेपणारी पॉवर ३०० वॉट, लोड ४ ओहम. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६, तेवढे व्होल्ट पाहिजेत. सबची वायर काढून ठेवायची, बूस्ट बंद करायचा, हेड युनिट पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावायचा आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर तेवढे व्होल्ट आले की गेन तिथंच सोडायचा. शाळेतलं गणित आहे हे! लोकांच्या गाड्यांत हात घालून पोट भरता, तर एवढं आलंच पाहिजे.

अर्थची वायर तर बघवत नव्हती. पत्र्यावरचा रंगसुद्धा खरवडलेला नाही, रंगावरच स्क्रू आवळलेला. अशा जोडावर व्होल्टेज पडतं आणि ॲम्प्लिफायर आणखी लवकर लहर कापायला लागतो. पॉलिश पेपरनं दोन मिनिटं घासायचा कंटाळा, दुसरं काय!

सगळ्यात संताप आला तो पुढं. जो नवीन सब माझ्या माथी मारत होते त्याला ४-४ ओहमच्या दोन कॉइल. "पॅरललमध्ये जोडू, दोन ओहम होतंय, लई पॉवर मिळतीया." माझा ॲम्प्लिफायर दोन चॅनलचा, ब्रिज केलेला, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच सब चालवणारा. ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली न्यायचा नाही हे त्याच्या अंगावरच छापलंय. दोनवर नेला असता तर गरम होऊन प्रोटेक्टमध्ये गेला असता, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला असता, नाहीतर तोही जळाला असता. आणि त्याच कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम, पॉवर जवळजवळ निम्मी. दोन्हीकडनं नुकसान माझंच. मग मी २-२ कॉइलवालाच सब शोधून आणला, माझा मीच बसवला, अर्थ घासून घेतला आणि गेन मीटरवर लावला.

त्या दुकानातल्या खोक्यावर काय लिहिलं होतं सांगू? समोर तळहाताएवढ्या अक्षरांत १५०० वॉट मॅक्स, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ३०० वॉट आरएमएस. जुना सब वॉरंटीत बसतो का विचारलं, तर तोच माणूस शांतपणे सांगतो, "कॉइल जळल्यावर वॉरंटी मिळत नाही दादा, जास्त वाजवला की जळतोय." गेन यांनी पिळायचा, अर्थ यांनी रंगावर आवळायचा, आणि जास्त वाजवला म्हणून पैसे मी भरायचे!