बादलीची दाढ

"कुठली? वरची की खालची?"

आज सकाळी लिफ्टचं दार बंद होतंय न होतंय तोच वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला हे विचारलं. माझे सगळे दात शाबूत आहेत. दुखत होतं ते डोकं, आणि त्याचं कारण माझ्या हातात होतं. झाकणाची पांढरी प्लॅस्टिकची बादली. तिच्यात मी घरी बिअर आंबवतो. मागे एकदा लवंग आणि संत्र्याची साल घालून गडद बिअर केली होती. ती उत्तम झाली, संपलीसुद्धा. लवंग मात्र बादलीतच राहिली. त्यानंतर केलेली साधी, हलकी, गरीब स्वभावाची एल (बिअरचाच एक प्रकार) पहिल्याच घोटाला दातांच्या दवाखान्यात नेऊन बसवू लागली, म्हणून बादली गच्चीवर उन्हात ठेवायला निघालो होतो.

"काका, दाढ नाही, बादली."

"बादलीची दाढ?"

"वास बादलीला येतोय."

"अहो, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. मी म्हणालो होतो, वास रुमालाला येतोय. शेवटी रूट कॅनाल करावंच लागलं."

मग रूट कॅनालची हकीकत सुरू झाली. कुठली नस, कोणता डॉक्टर, भूल उतरल्यावर गाल कसा लोंबत होता. लिफ्ट वर पोचली तरी हकीकत अर्ध्यावरच होती. काकांनी दारात पाय अडकवून ठेवला, माझ्या हातातली बादली काढून घेतली, झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. नुसतं नाक नव्हे, कानांपर्यंत सगळं. आतून घुमणारा आवाज आला, "लवंग!"

"तेच तर म्हणतोय मी."

"लवंगेचं तेल!" डोकं बाहेर आलं, चष्मा तिरका झालेला. "दाढ दुखली की काय लावतात? लवंगेचं तेल. बादलीत काय आहे? लवंगेचं तेल. मग?"

यावर काय बोलणार? त्यात माणूस अगदीच चुकीचं बोलत असता तर बरं झालं असतं. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं आणि झिंक ऑक्साइडमध्ये तेच कालवून दातांचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात. म्हणजे काकांचं नाक बरोबर होतं, फक्त रोगाचं निदान चुकीच्या रुग्णाचं होतं.

खालून कोणीतरी लिफ्टसाठी कडी वाजवायला लागलं, तेव्हा कुठे काकांनी पाय काढला. पण बादली त्यांच्याच हातात, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर पुन्हा खाली. तिसऱ्या मजल्यावर एक बाई मुलाला घेऊन आत आल्या. काकांनी लगेच ओळख करून दिली, "यांची दाढ फार दुखतेय. बिचारे बादली घेऊन फिरतायत."

"बादली कशाला?"

"चूळ भरायला."

बाई मुलाला घेऊन कोपऱ्यात सरकल्या. मुलगा टाचा उंचावून बादलीत डोकावायला बघत होता, त्याला त्यांनी मागे ओढलं. उतरताना मला अतिशय मायेनं म्हणाल्या, "मऊ खात जा हो काही दिवस."

मी दात दाखवले असते, पण त्याचाही अर्थ भलताच लागला असता.

आता उपाय. काकांकडे तो तयारच होता. "व्हिनेगर ओता, त्यातच ब्लीच ओता, झाकण लावून ठेवा. वास गेलाच पाहिजे."

"काका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. अख्खी बिल्डिंग रिकामी करावी लागेल."

"वास तर जाईल?"

गंमत सोडा, हा सल्ला देणारे काका एकटे नाहीत. बादलीला वास येतो म्हटलं की ज्यांनी जन्मात काही आंबवलेलं नाही त्यांनाही कंठ फुटतो. कोणी खाण्याचा सोडा सांगतं, कोणी वर्तमानपत्राचे बोळे, कोणी नुसतं ऊन. सोडा आंबट वासांना थोडा आवरतो, लवंगेच्या तेलाचं तो काय करणार? नुसतं ब्लीच म्हणाल तर ते फिनॉल जातीच्या रसायनांशी जमलं की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ते अब्जात काही भाग असले तरी जिभेला औषधी लागतात. युजेनॉल स्वतःच फिनॉलांच्या घरातलं. म्हणजे दातांच्या दवाखान्यातून निघून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. आणि यातला एकही सल्लागार नंतर येऊन विचारत नाही, की बाबा रे, गेला का वास?

खरी गोष्ट अशी की हा वास बादलीला लागलेला नसतो, बादलीत भिनलेला असतो. असल्या बादल्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक तेलकट रेणूंना फार लवकर आपलं म्हणतं. लवंगेचं युजेनॉल, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधलं मायर्सीन, सगळं हळूहळू पृष्ठभागाखाली मुरतं. आपण घासतो तो पृष्ठभाग. मग पुढची बिअर आत पडली, तिच्यात अल्कोहोल तयार झालं, की तेच तेल निवांतपणे परत बाहेर येतं. चिडून तारेच्या घासणीनं घासलं तर आणखी वाईट. चरे पडतात आणि त्यात ब्रेटानोमायसीस नावाचं रानटी यीस्ट, लॅक्टोबॅसिलस नावाचे आंबट करणारे जिवाणू अशी मंडळी ठाण मांडतात, ती मग सॅनिटायझरलाही दाद देत नाहीत.

त्यातल्या त्यात उपयोगी पडतं ते सोडियम परकार्बोनेट. 50-60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. बादली काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची, कारण फेसाचं वाळलेलं कडं वरच्या बाजूलाच असतं. एचडीपीईला ही ऊब चालते, पारदर्शक पीईटीची बरणी मात्र कढत पाण्यानं वाकडी होते. तोटी खोलायची. झाकणातलं रबर आणि एअरलॉकच्या (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण बाहेरची हवा आत न घेणाऱ्या नळीच्या) भोकातला वॉशर काढायचा, आणि वास घ्यायचा असेल तर आधी त्यांचा घ्यायचा. निम्म्या वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचा नाही, ते काही मिनिटांत निर्ढावतं. बादलीत कोमट पाणी भरून झाकण लावायचं, सकाळी बाहेरून फिरून यायचं आणि त्या पाण्याचा वास घ्यायचा. माझ्या पाण्याला अजूनही लवंग आहे. पूर्वीपेक्षा कमी, पण आहे.

पूर्वीचे लोक यात शहाणे होते असं मला हल्ली वाटू लागलंय. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेन शहरात 1842 साली ती प्रसिद्ध सोनेरी बिअर जन्मली, तेव्हा लाकडी पिंपांना आतून राळेचा लेप देत, म्हणजे बिअरला लाकूड लागू नये आणि लाकडाला बिअर. आम्हाला काय मिळतं? बादलीवर 'फूड ग्रेड'चं चिकटपत्र. त्याचा अर्थ इतकाच की ही बादली खाण्यापिण्याच्या पदार्थांत अपायकारक काही सोडणार नाही. ती पदार्थातून काय काय उचलून ठेवेल याबद्दल अवाक्षर नाही. सोबतच्या कागदावर 'वापरानंतर स्वच्छ धुवावे' एवढंच. धुतलीच होती हो! स्टीलचा किंवा काचेचा फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, घ्या, त्यात वास मुरत नाही, हे मलाही कळतं. पण स्टीलची किंमत ऐकून घाम फुटतो आणि वीस लिटर बिअर भरलेली काचेची बरणी ओल्या हातांनी उचलताना जो घाम फुटतो तो वेगळाच.

तेव्हा निर्णय असा झालाय की ही बादली यापुढे मसालेदार बिअरची, आणि साध्या बिअरला नवी. जुनीवर मार्करनं मोठ्ठं 'लवंग' लिहिलंय. तिला नवं झाकण, नवं रबर, नवा वॉशर हवा, म्हणून विक्रेत्याला फोन केला. रबर वेगळं मिळत नाही, झाकणासकट येतं. झाकण वेगळं मिळत नाही, बादलीसकट येतं. बादलीबरोबर एअरलॉक, तोटी आणि ढवळायचा चमचा सक्तीचा. असे चमचे खणात इतके जमलेत की खण आता बंद होत नाही.