पांढऱ्या घोड्यावरचा काळा स्वार

तुमचा लेख छान, पण त्यातलं ‘टॉल्किनने लॉर्ड ऑफ द रिंग्जचा सगळा आराखडा आधीच आखला होता’ हे वाक्य खटकलं. या इंग्रज लेखकाच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, वडिलांच्या या कादंबरीचे कच्चे खर्डे लावून १९८८मध्ये ‘द रिटर्न ऑफ द शॅडो’ काढलं. ते नुसतं चाळलं तरी उलटंच दिसतं. सुरुवातीच्या खर्ड्यांत कादंबरीचा नायक फ्रोडो नाहीच, बिंगो आहे. (बिंगो! असल्या नावाच्या माणसाकडे जग वाचवायचं काम कोण देईल?) ब्री गावच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला गूढ इसम म्हणजे ट्रॉटर नावाचा हॉबिट (फ्रोडोसारखाच बुटक्या जमातीतला), पायात चक्क लाकडी बूट. हा नेमका कोण, हे तेव्हा खुद्द लेखकालाही ठाऊक नव्हतं. त्याचाच पुढे ॲरागॉर्न, म्हणजे शेवटी राजा होणारा माणूस, झाला.

मला सगळ्यात भारी वाटतो तो घोडेस्वार. वळणावरून पांढरा घोडा येतो, वर डोक्यापासून गुंडाळलेलं एक गाठोडं. ते थांबतं, नाक बाहेर काढून हुंगतं... आणि हसतं. आतून गॅन्डाल्फ निघतो, हॉबिटांचा मित्र असलेला जादूगार! म्हणजे आधी ही गंमत होती. मग छापील कादंबरीत तिथे शत्रूचा स्वार आला, घोडा काळा झाला, हसू गेलं, हुंगणं तेवढं राहिलं. आपल्याला घाम फुटतो तो त्या हुंगण्यानेच.