लॅपटॉपचा हयातीचा दाखला

रविवारी दुपारी आमरस-पुरी झाल्यावर शहाण्या माणसानं झोपावं, पण मला हॉस्टेलवर रात्र रात्र खेळलेला गाड्यांचा गेम आठवला, सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून कधीतरी घेऊन ठेवला होता. डबल क्लिक केलं, स्क्रीन काळी झाली, मी पाठ सरळ करून बसलो आणि समोर एक चिमुकला डबा आला. सॉरी, हे ॲप्लिकेशन व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये.

अरे, हप्ते मी भरतोय, एंटरच्या बटणाखाली गेल्या वर्षीचा चहा अजून चिकटलाय आणि हा म्हणतो लॅपटॉप खोटा!

बाबा शेजारी पेपर वाचत होते. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करणारा माणूस, त्यात बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. म्हणाले, "हयातीचा दाखला मागतोय तो. दे."

भानगड अशी, की गेम फोडणारे लोक तो व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून निवांत चिरफाड करायचे, म्हणून काही जुन्या गेम्सच्या प्रोटेक्शनला शिकवून ठेवलंय की आधी प्रोसेसरला विचार, बाबा रे, तुझ्या डोक्यावर कोणी हायपरव्हायझर, म्हणजे असली खोटी मशीनं चालवणारा, बसलाय का? प्रोसेसर पडला हरिश्चंद्र, 'हो' म्हणणारा एक बिट पुढे करून मोकळा. आणि बसला होताच! ऑफिसच्या कामाला मला प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं डॉकर आणि विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ लागतं, ते चालू केलं की हायपरव्हायझर आधी उठतो आणि खुद्द विंडोज त्याच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहतं. म्हणजे गेमचं अगदीच चुकत नव्हतं, हे जास्त लागलं.

मग विंडोज फीचर्समध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, सँडबॉक्स, दिसेल त्याची टिक काढली. रीस्टार्ट. तोच डबा. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, ही सुरक्षाही हायपरव्हायझरच्याच जिवावर चालते, ती बंद केली, लगेच सिक्युरिटीवाला पिवळा त्रिकोण दाखवून रुसला. रीस्टार्ट. परत डबा. शेवटी ॲडमिन होऊन कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत बीसीडीएडिटची, म्हणजे विंडोज सुरू होतानाची सेटिंग बदलणारी, कमांड दिली, हायपरव्हायझर लाँच टाइप ऑफ, एक स्पेलिंग दोनदा चुकवून. रीस्टार्ट.

चालला!! साडेपाच वाजले होते, पहिल्याच वळणावर गाडी कठड्यावर घातली आणि आतून हाक आली, दळण आणायचंय.

सोमवारी सकाळी मीटिंगला पाच मिनिटं असताना डॉकर उठेना. मग सगळ्या टिका परत लावा, कमांडमध्ये ऑफच्या जागी ऑटो लिहा, रीस्टार्ट, तोवर फोनवरून "नेटचा प्रॉब्लेम आहे सर" सांगा.

पुढच्या रविवारी मी काळी खिडकी उघडली तसे बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "माझं निदान वर्षातून एकदाच असतं."